सातवी ओळ

बेल वाजली. मी आधी मेन स्विच खाली ओढला आणि मग दार उघडलं.

दारात दस्तगीर मुजावर उभे होते. चार वर्षं आम्ही रोज बोलत होतो आणि एकमेकांचं तोंड बघत होतो ते आज पहिल्यांदा. खांद्याला जुनी बॅग, हातात बेदाण्यांची पिशवी, अंगात रात्रभर एसटीत चुरगळलेला शर्ट. मला का कोण जाणे, ते उंच असतील असं वाटायचं. निघाले माझ्याएवढेच.

"शरयूताई नव्हं?"

"या, या. लाईट नाहीये हो सकाळपासून," मी म्हणाले. ते अजून चपला काढत होते. टेलिफोनच्या टेस्ट डेस्कवर मी एकतीस वर्षं काढली. न विचारता कारणं सांगत सुटणारा ग्राहक बहुधा स्वतःच वायर ओढून बसलेला असायचा, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण स्वतःची वेळ आली तेव्हा मीही तेच केलं.

"असू द्या की," ते हसले. "आमच्या जतला लाईट आली तर लोक घाबरत्यात, काय झालं म्हणून."

आतल्या खोलीत माझा कॉम्प्युटर होता. तो त्यांच्यासमोर सुरू होता कामा नये, एवढी एकच गोष्ट माझ्या डोक्यात होती. त्यासाठी थोडं मागे जायला हवं.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी सावंतवाडीतल्या या दोन खोल्यांत एकटी राहत होते. लग्न केलं नव्हतं. बहीण होती, ती गेली. वेळ जाईना तेव्हा 'सुकाणू'च्या मंडळींत सामील झाले. सुकाणू ही मराठीतली एक फुकट मिळणारी संगणकप्रणाली. बनवणारे सगळे स्वयंसेवक, आणि नाशिकचे विद्याधर सोहनी त्यांना सांभाळून घ्यायचे. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती निघायची. ती लोकांच्या हातात जाण्याआधी कोऱ्या मशीनवर बसवून बघायची, हे आमच्यासारख्यांचं काम. त्यासाठी चाळीस ओळींचा तक्ता असायचा. एकेक गोष्ट करून बघायची, समोर 'उत्तीर्ण' किंवा 'अनुत्तीर्ण' लिहायचं आणि आपलं नाव टाकायचं. न बघता लिहिणाऱ्याचं नाव यादीतून कायमचं जायचं.

दस्तगीर जतच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट होते. त्यांच्या आणि माझ्या वाट्याला सॉफ्टवेअर रेडच्या ओळी आल्या होत्या. रेड म्हणजे एका मशीनला दोन डिस्क लावायच्या आणि प्रत्येक गोष्ट दोन्हींवर सारखीच लिहायची. एक मेली तरी दुसरीवर सगळं शाबूत राहतं. पण खरंच राहतं का, हे डिस्क काढून बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणून प्रणाली बसवायची, मशीन बंद करायचं, एका डिस्कची केबल उपटायची आणि मशीन एकट्या उरलेल्या डिस्कवर उठतंय का ते बघायचं. मग ती परत जोडायची, दोन्ही डिस्क पुन्हा सारख्या होईपर्यंत थांबायचं आणि दुसरी उपटायची. यात दिवस मोडायचा, म्हणून आम्ही वाटणी केली होती. पहिली डिस्क काढून बघायची ती सातवी ओळ, ती माझी. दुसरी काढायची ती आठवी, ती त्यांची.

कॉलेजची प्रॅक्टिकल संपली की दस्तगीर चार वाजता चॅटवर यायचे. दहा मिनिटं डिस्कचं बोलणं व्हायचं. मग आज कालवण काय, मुलीचं गणित कुठवर आलं, जतला टँकर आला का, माझा गुडघा काय म्हणतो. पाच कधी वाजायचे समजायचं नाही. सकाळी दूधवाल्याला 'अर्धा लिटर' म्हटल्यानंतर मी कुणाशी काही बोलले तर ते चार वाजताच. दुपारी तीनपासूनच मी घड्याळाकडे बघायला लागायचे. साठीच्या बाईला हे शोभत नाही असं स्वतःला सांगायचे आणि पुन्हा बघायचे.

आणि दीड वर्षापासून माझ्याकडे एकच डिस्क होती.

दुसरी एका फेरीच्या ऐन मधे मेली. तेव्हाच सोहनींना कळवायला हवं होतं. पण त्यांचा नियम होता, ज्याला फेरी जमणार नाही त्याच्या ओळी दुसऱ्याला. म्हणजे दस्तगीरांबरोबर दुसरं कुणीतरी बसणार. सातवी ओळ त्याआधी पाच फेऱ्या उत्तीर्ण झाली होती. मी सहाव्यांदा 'उत्तीर्ण' लिहिलं. पुढच्या वेळेपर्यंत डिस्क आणू म्हटलं. नाही आणली. पुढच्या वेळी पुन्हा लिहिलं, तेव्हा हात जरासुद्धा अडखळला नाही. जी बाई एकतीस वर्षांत कानाने ऐकल्याशिवाय एका लाईनला 'ओके' म्हणाली नव्हती, तिने तीन फेऱ्यांत तीनदा न बघता नाव टाकलं.

मी गॅसवर चहा ठेवला. दस्तगीर खुर्चीत अगदी पुढे सरकून बसले होते.

"ताई, कदम गुरुजींचं सांगितलं हुतं बघा तुम्हाला."

सांगितलं होतं. त्यांच्या गावचे निवृत्त शिक्षक. सायकलवरून आसपासच्या वीस गावांत फिरून विहिरी मोजायचे. कुठली विहीर कुणी खणली, किती खोल, कुठल्या महिन्यात पाणी किती. नऊ वर्षं हे चाललं होतं. पूर्वी वह्यांत लिहायचे. मग गावच्या वाचनालयात कॉम्प्युटर आला, दस्तगीरांनी त्यावर सुकाणू बसवून दिली, आणि गुरुजी एका बोटाने टाईप करायला शिकले.

"ते गेलं सगळं," दस्तगीर म्हणाले.

"गेलं म्हणजे?"

"पयली डिस्क मेली. मशीन उठंना. नुसता काळा पडदा. मी मुलीच्या परीक्षेसाठी सोलापूरला हुतो. वाचनालयवाल्यांनी तालुक्याचा एक दुरुस्तीवाला आणला. त्यो म्हणाला, दोन्ही गेल्यात. दुसरी पुसून त्यानं नवीन काहीतरी घालून दिलं. दुसरी चांगली हुती ताई. तिच्यात अकराशे विहिरी हुत्या."

"वह्या?"

"टाईप झाल्या तशा गुरुजींनी रद्दीत घातल्या. मीच म्हणालो हुतो त्यांना. गुरुजी, दोन डिस्क हायत, एक गेली तरी दुसरी हाय, आता कशाला वह्या संभाळताय."

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला, फडक्याने ओटा पुसला, पुन्हा पुसला. पाठ त्यांच्याकडे होती ते बरं होतं.

"गुरुजी काय म्हणाले?"

"काय न्हाई म्हणाले. त्येच तर. समोरनं गेलो तर मान खाली घालून जात्यात. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

मी कप त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"कॉलेजात तसंच करून बघितलं मी. दोन डिस्क, नवीन आवृत्ती, पयली काढली. उठंना. पाच वेळा केलं. पाची वेळा काळा पडदा. आठवी ओळ मी दर वेळेला नीट करतो ताई, दुसरी काढली की बरोबर उठतंय. पयली काढली की न्हाई. आणि तुमच्याकडं ती पास होतीय."

"हं," मी म्हणाले.

"म्हंजे चूक माझ्या हातात हाय. बसवताना काहीतरी सुटतंय माझं. काय, ते सापडंना. म्हणून म्हटलं, जाऊन डोळ्यांनी बघूया." त्यांनी बॅगेतून टॉवेलात गुंडाळलेली पुरचुंडी काढली आणि उलगडली. आत दोन डिस्क होत्या. "ह्या माझ्या आणल्यात. तुमच्या मशीनला लावायच्या आणि तुम्ही करता तसं करून दाखवायचं. मी नुसता बघतो बसून."

ते मला पकडायला आले असते तर मी भांडले असते. मला भांडता येतं. पण पाच वेळा स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यावरही या माणसाला मी लिहिलेला एक शब्द जास्त खरा वाटत होता. चूक आवृत्तीत आहे आणि ती माझ्या ओळीतच सापडायची होती, हे मला तेव्हाच कळलं. मशीन सुरू करणारा भाग नवी आवृत्ती फक्त पहिल्या डिस्कवर लिहीत असणार. मी पहिली काढून बघितली असती तर तो काळा पडदा सर्वांआधी माझ्यापुढे आला असता, आणि गुरुजींच्या विहिरी वाचल्या असत्या.

आता सांगावं, असं मनात आलं. अगदी ओठांवर आलं. आणि त्याच वेळी दिसलं, की हे सांगितलं की उद्या चार वाजता कुणी येणार नाही. परवाही नाही. मग मी ही भांडी घासायची आणि रात्र व्हायची वाट बघायची.

"पण लाईटच नाही ना," मी म्हणाले.

"थांबतो की. गाडी साडेपाचला हाय."

आम्ही थांबलो. फेब्रुवारीची दुपार होती, पंखा नाही, दोघांनाही घाम. मी कोकमाचं सरबत केलं. त्यांनी मुलीचे मार्क सांगितले. मी गुडघ्याचं सांगितलं. चॅटवर इतकं बोलणारे आम्ही दोघं समोरासमोर बसलो तर शब्द शोधत होतो. मधेच ते म्हणाले, "लाईट येईपर्यंत डिस्क लावून तरी ठेवूया. मशीन कुठं हाय?"

मी उठून त्यांना आत नेलं.

आतल्या खोलीत कॉम्प्युटरचं झाकण काढलेलंच होतं. त्यांनी मोबाईलचा उजेड आत धरला. एक डिस्क जागेवर होती. शेजारची जागा रिकामी. तिथली केबल नुसतीच लोंबत होती.

"दुसरी काढून ठेवलीय," मी म्हणाले. "साफ करायला."

"हां."

त्यांनी केबलचं टोक दोन बोटांत धरलं. त्यावर धूळ होती, दीड वर्षांची, मऊ आणि जाड. बोटाला लागलेली धूळ त्यांनी अंगठ्याने हळूहळू चोळली. लॅब असिस्टंटला धूळ किती दिवसांची ते कळतं. उजेड बंद करून ते उभे राहिले.

"लावू का तुमच्या?" मी विचारलं.

"नको," ते म्हणाले. "उगंच कशाला. लाईट काय आज येत न्हाई."

बाहेर येऊन त्यांनी डिस्क पुन्हा टॉवेलात गुंडाळल्या. तीन वाजले होते. साडेपाचच्या गाडीला तीन वाजताच निघतो म्हणाले. मी जेवून जा म्हटलं, ते नको म्हणाले. बेदाण्यांची पिशवी टेबलावर सरकवली. "गोड हायत. वला कपडा लावू नका, बुरशी धरतीय."

दारात चपला घालताना त्यांची नजर बेलच्या बटणावर गेली. त्यांनी ते सहज दाबलं. आवाज झाला नाही. मग एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं.

सकाळपासून लाईट नाही म्हणणाऱ्या बाईची बेल ते आले तेव्हा खणखणीत वाजली होती. जन्मभर तारांशी खेळले आणि एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

"मी आलो त्याच टायमाला गेली असंल," ते म्हणाले.

"हो," मी म्हणाले. "तेव्हाच गेली."

"हुतंय तसं," ते म्हणाले, आणि जिना उतरून गेले.

ते दिसेनासे होईपर्यंत मी गॅलरीत उभी होते. मग स्विच वर केला. पंखा फिरायला लागला. मी त्याखाली बसून रडले, आणि रडताना सारखं हेच वाटत होतं की त्यांनी काहीतरी बोलायला हवं होतं.

त्या दिवशी चार वाजता ते अर्थातच एसटी स्टँडवर असणार होते. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मात्र मी वाट बघितली. आले नाहीत. रविवारी सकाळी सुकाणूच्या सगळ्यांना मिळून जाणारी त्यांची मेल आली. चॅटवर ते बोलतात तसं लिहायचे, मेल मात्र ऑफिसच्या मराठीत.

'सातवी ओळ अनुत्तीर्ण आहे. मी पाच वेळा तपासले. प्रणाली सुरू करणारा भाग केवळ पहिल्या डिस्कवर लिहिला जातो. कृपया तातडीने दुरुस्त करावे. मागील तीन फेऱ्यांत माझ्या सोयीसाठी शरयूताईंनी व मी आपसात ओळी बदलल्या होत्या. सातवी ओळ माझ्याकडे होती. मी ती न तपासता त्यांच्या नावाने उत्तीर्ण लिहिली. त्यांना याची कल्पना नव्हती. नियमाप्रमाणे माझे नाव यादीतून काढावे.'

मी ते चार वेळा वाचलं. मग त्यांना फोन लावला. आजवर आम्ही फोनवर क्वचितच बोललो होतो. मागे लहान मुलांचा गलका होता, कुकरची शिट्टी, कुणीतरी कुणाला हाक मारत होतं.

"दस्तगीर, हे काय लिहिलंत तुम्ही?"

"थांबा ताई, बाहेर येतो." गलका लांब गेला. "बोला."

"हे खोटं आहे."

"व्हय."

"मग कशासाठी? तुम्ही काय केलंय? उलट मीच..."

"ताई, दुरुस्ती व्हायला पायजे. ती हुईल आता. बाकी नाव कुणाचं का असंना."

"नियम माहीत आहे ना? काढून टाकतील तुम्हाला. कायमचं."

"काढू द्या की." मग असं बोलले, जसं लहान मुलाला समजावतात. "आमच्या घरात आठ माणसं हायत. कॉलेजात शंभर पोरं. दिवसभर बोलून बोलून घसा बसतोय माझा. चार वाजता न्हाई बोललो तर माझं काय अडत न्हाई, ताई."

मी फोन कानाशी धरून उभी राहिले. चार वर्षं मला वाटत होतं की आम्ही दोघं एकमेकांची वाट बघतो.

"तुमच्याकडं आलो त्या दिवशी दोन कप हुते मांडणीवर," ते म्हणाले. "एक वापरातला. दुसऱ्याला आतून जळमट. तुम्ही धुऊन त्यात मला चहा दिलात. तुम्हाला तेवढंच हाय बोलायला, ते तुमचं काढून घेऊन मी काय करू?"

"आणि गुरुजी?"

"गुरुजी मला बोलत न्हाईत ते काय या मेलनं न्हाई. मी सांगितलं म्हणून वह्या गेल्या, ते माझंच हाय." मागून कुणीतरी 'अब्बा' म्हणून हाक मारली. "जेवायला बोलावत्यात. ठेवू का?"

मी ठेवा म्हणाले.

सोमवारी सोहनींचा फोन आला. ते शांत, काटेकोर गृहस्थ. तीन फेऱ्यांचे कागद समोर घेऊनच बसलेले असावेत.

"शरयूताई, एक विचारायचं होतं. राग मानू नका. सातव्या ओळीसमोर तिन्ही वेळा नाव तुमचं आहे आणि नोंदही तुमच्याच खात्यातून झालीय. मुजावर म्हणतात, ओळी बदलल्या होत्या आणि तुमचा पासवर्ड त्यांच्याकडे होता. मला ते पटत नाही. चार वर्षं ओळखतो मी त्यांना. न बघता लिहिणारा माणूस नाही तो. म्हणून तुमच्या तोंडून ऐकायचंय. तुम्ही जे सांगाल ते मी धरून चालेन. ओळी खरंच बदलल्या होत्या का?"

त्यांनी सगळी दारं उघडी ठेवली होती. कुणी धमकावत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं. रविवारची अख्खी रात्र मी काय बोलायचं ते पाठ केलं होतं. 'नाही सोहनी, मीच लिहिलं.' चारच शब्द होते.

"ताई? ऐकू येतंय ना?"

"हो," मी म्हणाले. "बदलल्या होत्या."

पलीकडे त्यांनी मोठा श्वास सोडल्याचं ऐकू आलं. "बरं. वाईट वाटतं, पण आता प्रश्न मिटला. तुमच्या नावावर उगाच डाग राहिला असता. तुम्हाला एकटं नाही ठेवत. साताऱ्याच्या एक बाई आहेत, त्यांना तुमच्या जोडीला देतो. त्याही दुपारीच मोकळ्या असतात. चालेल?"

मी चालेल म्हणाले, आणि त्यांचे आभार मानले.